मातीचा दिवा

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरी एक विधी होतो. त्याचा उल्लेख कोणत्याही धर्मशास्त्रात नाही. बाजारातून आणलेल्या नव्या पणत्या माझी पत्नी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवते. पाण्यात पडताच त्यांतून बारीक बारीक बुडबुडे निघू लागतात आणि कान देऊन ऐकले तर हलकासा आवाजही येतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिला या उद्योगाचे कारण विचारले होते. ती म्हणाली, "कोरी पणती तेल पिते. वातीला काही उरूच देत नाही. म्हणून आधी तिला पाणी पाजायचं."

इतकी वर्षे मी या वाक्याकडे गृहिणीची एक युक्ती म्हणूनच पाहत होतो. पण तीन वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीच्या तोंडावर एक गोष्ट घडली आणि पणती, तेल व वात या तिन्हींचा मला नव्याने विचार करावा लागला. त्या विचाराला निमित्त झाला रोमन साम्राज्यातला एक पायाने अधू गुलाम आणि आमच्या शाळेतला पाचवीतला एक पोरगा.

मी काही तत्त्वज्ञानाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण बेताचेच. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, असा माझा संसार. पण जुन्या शहाण्या माणसांच्या गोष्टी वाचायची हौस मला पहिल्यापासून आहे, आणि त्यांतही एपिक्टेटसची एक गोष्ट माझी फार आवडती.

हा एपिक्टेटस सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. जन्म आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस या गावचा. त्याचा धनी एपाफ्रोडिटस हा नीरो बादशहाच्या दरबारातला बडा कारभारी. मौज अशी की, तो धनीही एके काळी गुलामच होता. पुढे एपिक्टेटस गुलामीतून मोकळा झाला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून हाकलून दिले, तेव्हा त्याने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिस येथे शाळा मांडली. म्हणजे माझ्याच पेशातला माणूस! त्याने स्वतः काही लिहिले नाही. तो बोलत असे आणि आरियन नावाचा त्याचा शिष्य ते टिपून घेत असे. आम्हा नगरकरांना या गोष्टीचे नवल वाटायला नको. आमच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरमहाराज एका खांबाला टेकून बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, असेच आपण मानत आलो आहोत.

तर या एपिक्टेटसच्या घरात देवांपुढे एक लोखंडी दिवा होता. एके दिवशी खिडकीशी काही वाजले. तो धावत खाली आला, तर दिवा चोरीला गेलेला! तुम्ही-आम्ही काय केले असते? आधी आरडाओरडा, मग शेजाऱ्यांवर संशय आणि शेवटी पोलीस चौकी. एपिक्टेटसने मनाशी इतकाच विचार केला की, त्या चोरालाही तो दिवा उचलण्यात काहीतरी हित दिसले असेल. आपण उद्या मातीचा आणू. चोराचा हिशेबही त्याने मांडला. माझा दिवा गेला, पण त्या दिव्याच्या मोबदल्यात चोराने स्वतःचा प्रामाणिकपणा देऊन टाकला. सौदा कोणाला महाग पडला?

गोष्ट इथे संपत नाही. एपिक्टेटस वारला, आणि त्याचा तो मातीचा दिवा एका माणसाने ३००० द्राख्म देऊन विकत घेतला. पुढच्या पिढीतल्या ल्युशियन नावाच्या विनोदी लेखकाने हे टिपून ठेवले आहे. त्या काळी रोमच्या साध्या शिपायाला वर्षाचा पगार सुमारे ३०० दिनार मिळे, आणि द्राख्म व दिनार ही नाणी जवळजवळ सारख्याच मोलाची. म्हणजे शिपायाचा सुमारे १० वर्षांचा पगार एका पणतीपायी गेला! का? तर रात्री त्या दिव्याच्या उजेडात वाचत बसले की एपिक्टेटसचे शहाणपण झोपेत आपोआप आपल्या अंगी उतरेल, अशी त्या गृहस्थाची आशा होती.

एका दिव्याच्या गोष्टीत मनुष्यस्वभावाची तीन दर्शने घडतात. समाधान, दुर्गुण आणि मूर्खपणा! ज्याचा दिवा गेला तो समाधानी, ज्याने नेला तो लोभी, आणि ज्याने विकत घेतला तो मूर्ख. या तिसऱ्याला हसण्याआधी मात्र आपण जरा थांबावे. घरात लाल कापडात बांधून ठेवलेली ज्ञानेश्वरी आपल्यापैकी कितीजणांनी उघडून वाचली आहे? पोथी देव्हाऱ्यात असली म्हणजे तिच्यातले ज्ञान घरात शिरते, असे मानणारे आपण त्या गिऱ्हाइकाचे नातेवाईकच म्हणायचे.

आणि रोम आमच्यापासून वाटते तितके लांबही नाही. नेवाशाला प्रवरेच्या काठी जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळियांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. अश्मयुगापासूनच्या माणसाच्या खुणा त्यात मिळाल्या, आणि सातवाहनांच्या काळातल्या थरांत सापडली भूमध्य समुद्राकडून आलेल्या मातीच्या कुंभांची खापरे! दोन कानांच्या अशा उंच कुंभांतून तिकडचे मद्य आणि तेल जहाजांवर चढे. भडोचच्या बंदरी इटलीच्या मद्याला विशेष मागणी होती, असे त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. पैठणची बाजारपेठही त्याला ठाऊक होती, आणि पैठणहून नेवासे ते कितीसे दूर!

आता गंमत पाहा. आमच्याकडचे श्रीमंत रोमच्या मद्यासाठी जीव टाकत होते, त्याच वेळी रोमचे श्रीमंत आमच्याकडच्या मिरीसाठी, मोत्यांसाठी आणि तलम कापडासाठी वेडे झाले होते. इ. स. ७९ मध्ये वेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला पंडित प्लिनी यावर चिडून गेला होता. हिंदुस्थान दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्याची तक्रार होती. आणि जिच्यात तिखटपणावाचून दुसरा गुण नाही त्या मिरीची लोकांना एवढी चटक का लागावी, हे कोडे त्याला काही केल्या सुटत नव्हते. सुख समुद्रापलीकडे आहे, असे नेवाशाच्या धनिकाला वाटे आणि रोमच्या धनिकालाही वाटे. दोघांच्या मधोमध फक्त व्यापारी तेवढा सुखात असेल. तोही बहुधा वादळाच्या दिवसांत घरी बसलेल्या शेतकऱ्याचा हेवा करत असेल. होरेस या रोमन कवीने हेच तर सांगितले आहे. जो तो दुसऱ्याच्या धंद्याला सुखाचा म्हणतो. पण देव समोर उभा राहून 'घ्या, करा अदलाबदल,' म्हणाला, तर एकही पुढे येणार नाही.

हे सारे मी तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला पाचवीच्या वर्गात सांगत होतो. आमची शाळा पाथर्डी तालुक्याच्या डोंगराळ भागातली. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. दसरा झाला की गाव निम्मे रिकामे होऊ लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडणीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. भांडीकुंडी, गोधड्या, लहानगी पोरे वाहनात घालून ती कारखान्यांच्या हद्दीत पाचटाच्या खोपींत जाऊन राहतात, ती उन्हाळ्यातच परततात. थोडी मोठी पोरे आजी-आजोबांजवळ मागे राहतात. माझ्या वर्गात अशी नऊ मुले होती.

मी एपिक्टेटसची गोष्ट रंगवून सांगितली. चोर खिडकीतून शिरला तेव्हा वर्ग श्वास रोखून बसला. मातीच्या दिव्याला ३००० मोजणाऱ्याला पोरे पोटभर हसली. मग मी फळ्यावर तात्पर्य लिहिले : 'समाधान हेच खरे धन.' मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे आईवडील आठवड्यापूर्वीच तोडीला गेले होते.

"गुर्जी, दिवा मातीचा चालंल," तो म्हणाला, "पन त्येल?"

त्या प्रश्नात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. गोष्टीत एक जागा रिकामी राहिली आहे, ती गुरुजींनी भरावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. म्हणजे ते उत्तर नव्हतेच. घंटा झाली, पोरे ओरडत बाहेर पळाली आणि मी फळ्यावरच्या त्या चार शब्दांकडे पाहत उभा राहिलो.

खरे सांगायचे तर ते शब्द लिहिण्याचा मला त्या दिवशी काही अधिकार नव्हता. वेतनाच्या फरकाची माझी रक्कम अडकून पडली होती. तिच्यासाठी मी त्या महिन्यात तीन वेळा तालुक्याला हेलपाटे घातले होते. शेजारच्या गुरुजींनी नवी मोटार घेतली होती, आणि माझी जुनी दुचाकी मला एकाएकी फारच जुनी दिसू लागली होती. या धावपळीत एक कागद टेबलाच्या खणात तसाच राहून गेला. तोडीला जाणाऱ्यांची मुले गावातच राहून शिकावीत, त्यांना दोन वेळचे जेवण मिळावे, म्हणून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. तिच्यासाठी मुलांची यादी शाळेतून जावी लागते. ती करण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती केली नव्हती. स्वतःच्या हक्काचे तेल मिळावे म्हणून तीन हेलपाटे घालणारा मी, त्या नऊ मुलांना मातीच्या दिव्यात समाधान मानायला सांगत होतो!

त्या रात्री मला एपिक्टेटस आठवला नाही, सेनेका आठवला.

सेनेका हा नीरोचा गुरू आणि रोमच्या फार मोठ्या श्रीमंतांपैकी एक. साधेपणावर त्याच्याइतके सुंदर कोणी लिहिले नसेल, आणि त्याच्याइतकी संपत्तीही फार थोड्या लेखकांना लाभली असेल. त्याच्या हयातीतच लोक त्याला यावरून टोचत. मी सद्गुणाविषयी बोलतो, माझ्याविषयी नव्हे, अशा अर्थाचे उत्तर तो देई. इ. स. ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकुमावरून त्याला स्वतःचा जीव द्यावा लागला. ते मरण मात्र त्याने धीराने पत्करले. रोमन लोकांचा डिसेंबरात सॅटर्नेलिया नावाचा मोठा सण असे. आपल्या दिवाळीसारखाच. मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट द्यायच्या, खायचे-प्यायचे, धन्याने गुलामाला बरोबरीने वागवायचे. अशाच एका सणाच्या दिवसांत त्याने ल्युसिलियस या मित्राला पत्र लिहिले. अधूनमधून तीन-चार दिवस मुद्दाम जाडेभरडे नेसावे, कठीण पाव खावा, साध्या खाटेवर निजावे आणि मनाला विचारावे, ज्याला आपण एवढे भितो ते हेच का? असा त्याचा सल्ला.

सल्ला उत्तम आहे. आपल्या उपवासांचा मूळ हेतूही बहुधा हाच असावा. पुढे त्याची 'एकादशी, दुप्पट खाशी' झाली, तो दोष आपला. सेनेकाचा मोठेपणा असा की, यात फार मोठे तप केल्याचा आव त्याने आणू दिला नाही. हजारो गुलाम आणि हजारो गरीब रोज हेच करतात. फरक इतकाच की, तू ते आपखुषीने करशील, असे तो मित्राला बजावतो.

तो हे एका वाक्यात सांगून पुढे निघून जातो. मला मात्र त्या वाक्यापाशी थांबावेसे वाटते. आपखुषीने खाल्लेला कोरडा तुकडा आणि नाइलाजाने खाल्लेला कोरडा तुकडा यांची चव एकच असते, पण त्यांचा अर्थ एक नसतो. पहिला माणसाला मोकळा करतो. दुसरा फक्त उपाशी ठेवतो. सेनेकाच्या चौथ्या दिवसानंतर पाचवा दिवस पक्वान्नांचा होता. माझ्या विद्यार्थ्याचा पाचवा दिवस चौथ्यासारखाच होता. म्हणून समाधान हा गुण माणसाने स्वतःपुरता मागावा. दुसऱ्याकडे तो मागू नये. आणि आपल्याहून ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडे तर कधीच मागू नये. भरल्या पोटाने उपाशी माणसाला केलेला संतोषाचा उपदेश सद्गुणाचे कपडे घालून आलेला दुर्गुणच असतो. एपिक्टेटसची गोष्ट थोर का? तर त्याने मातीच्या दिव्याचा धडा स्वतःच्या चोरी झालेल्या दिव्यावरून स्वतःलाच दिला. दुसऱ्याच्या घरचा दिवा गेल्यावर तो धडा देणे फार सोपे असते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. पिशवीत तेलाची बाटली, मिठाईचा पुडा आणि शहरातून आणलेली रंगीत दिव्यांची माळ होती. सारे ओझे अपराधाचे, हे मला कळत होते. आजी ओट्यावर बसली होती. शेजारी परातीत पाच पणत्या पाण्यात पडलेल्या. माझ्या पत्नीची युक्ती या म्हातारीलाही ठाऊक होती तर!

तिने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. तेल ठेवून घेतले. मिठाई नातवाकडे दिली. माळ मात्र परत पिशवीत घातली.

"ही ऱ्हाऊ द्या गुर्जी. हिचं काय कराचं? ती तुमच्या घरी लावा." मग जरा थांबून म्हणाली, "त्यापरीस पोराचं नाव त्या जेवनाच्या यादीत घाला. गेल्या साली मिळत व्हतं. मला आता चुलीम्होरं बसवत न्हाई. बाकी काय कमी न्हाई बगा आमाला."

बाकी काही कमी नाही! घरात काय होते ते मला दिसत होते. हे वाक्य मी कोणत्याही पुस्तकात वाचले असते, तर लेखकाने गरिबीला साज चढवला म्हणून पान उलटले असते. पण त्याच बाईने, त्याच दमात, यादीत नाव घालायला सांगितले होते. तिला काय नको होते हे ठाऊक होते, आणि काय हवे होते तेही. नको ते तिने परत केले, हवे ते मागितले. लाजली नाही, गयावया केली नाही. तोपर्यंत मी समाधान म्हणजे गप्प बसणे समजत होतो. वस्तुतः समाधान म्हणजे मुकाटपणा नव्हे. दिवा कोणता असावा याविषयी ज्याची तक्रार नाही, तोच माणूस तेल मागताना स्वच्छ बोलू शकतो.

यादी मी पाडव्याच्या दिवशी बसून केली आणि सुट्टी संपताच दिली. वसतिगृह सुरू व्हायला महिनाभर उशीर झाला. तो उशीर दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझा होता.

होरेसचाच आणखी एक विचार मला अलीकडे वारंवार आठवतो. ज्याला घागरभरच पाणी हवे, त्याने लहान झऱ्याशी न जाता मोठ्या नदीवरच घागर बुडवायचा हट्ट का धरावा? अशा हावऱ्याला कधी कधी नदी दरडीसकट ओढून नेते, असे तो म्हणतो. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ काव्याचा राहिलेला नाही. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी फिरले आणि उसाचा हिरवा पट्टा उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. त्यातून अनेक शेतकऱ्यांच्या घरांत खरोखरच तेल आले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागातले लोक दरसाल कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात, हेही तितकेच खरे. ऊस सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकांपैकी एक. एकाची घागर किती मोठी असावी, याचा दुसऱ्याच्या रिकाम्या घागरीशी संबंध असतो. होरेसला हे सांगायचे नसेल. नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला ते टाळता येत नाही.

त्याच नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. तेही अवर्षणाचेच. लोक गाव सोडून मजुरीला जात. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, आणि गावाने डोंगरावर चर खणले, झाडे राखली, पाणी अडवले. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम पुढचेच. पाणी आल्यावर त्यांनी हाव आवरली. शेतीसाठी कूपनलिका नको आणि उसासारखी पाणीखाऊ पिके नकोत, असे गावाने ठरवले. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आणि मग कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. या गावाने संतोषावर प्रवचने ऐकून घेतली नाहीत. आधी घाम गाळून तेल मिळवले, आणि मग 'पुरे' म्हणायला शिकले. 'पुरे' हा शब्द रिकाम्या घागरीशी बसून म्हणता येत नाही. आणि घागर भरल्यावर जो तो म्हणत नाही, त्याला नदीही पुरत नाही.

परवा पत्नीने पुन्हा पणत्या भिजत घातल्या. तिने तीन वर्षांपूर्वीच मला सांगितले असते, तर सेनेकापर्यंत जाण्याचे माझे कष्ट वाचले असते. कोऱ्या पणतीत कितीही तेल ओता, ती आधी स्वतः पिते. वातीच्या वाट्याला उजेडापुरतेही ठेवत नाही. त्या वर्षी मी तसाच होतो. वेतनाचा फरक पुढे मिळाला. पण त्या महिन्यात तो मिळाला असता, तरी माझी जुनी दुचाकी जुनीच दिसली असती. तेल कमी नव्हते, पणती कोरी होती.

तो मुलगा आता आठवीत आहे. कालच रस्त्यात भेटला. आईवडील यंदाही तोडीला गेले आहेत. मी त्याला विचारले, "काय रे, दिवाळीला काय पाहिजे?" तो हसला आणि म्हणाला, "गुर्जी, यादी गेली का?"

यंदा यादी वेळेवर गेली आहे.